क्षमा करावी; फिर्याद मात्र मागे घेऊ नये

वाचकहो, जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी ओझर नावाचे गाव आहे. अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे देऊळ तेथे असल्यामुळे त्या गावाचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पहिल्या बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा याने १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला आणि त्या विजयानंतर या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखरावर सोन्याचा कळस चढविला, असे तेथे सांगतात. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत त्यांना गणपतीच्या कळसाशी कर्तव्य नाही. तरीही आजच्या विषयाचा आरंभ त्या कळसापासूनच करणे आम्हांस भाग आहे. कारण तो कळस एका शत्रूवरील विजयाची खूण आहे आणि त्या शत्रूला विजेत्याने कसे वागविले हे सांगण्यासारखे आहे.

पोर्तुगीजांनी उत्तर कोकणात हिंदू रयतेचा जो धार्मिक छळ केला तो इतिहासाला अज्ञात नाही. गोव्यात १५६० सालापासून धर्मन्यायालय बसलेले होते आणि त्याचा धाक वसईपर्यंत पोहोचत होता. देवळे पाडली गेली होती, सणवारांवर बंदी आली होती. सूड घेण्यास कारणांची उणीव नव्हती. असे असूनही १७३९ च्या मे महिन्यात वसई शरण आली तेव्हा चिमाजी अप्पाने केलेला तह उदार होता. किल्ल्यातील शिबंदीला शस्त्रांसह मानाने निघून जाऊ दिले आणि जे ख्रिस्ती मागे राहू इच्छीत होते त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक दिली. चर्चमधील घंटा मात्र मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून उचलून आणल्या. ओझरच्या पश्चिमेला भीमाशंकराच्या देवळापुढे अशीच एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२९ हा इसवी सनाचा आकडा आजही वाचता येतो.

या औदार्याबद्दल चिमाजी अप्पाची स्तुती आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच पेशव्यांच्या राजधानीत, पुण्यात, अस्पृश्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. फिरंग्याला तहनामा आणि महाराला मडके! समुद्रापलीकडून आलेल्या, देवळे पाडणाऱ्या शत्रूला जे मिळाले ते वेशीबाहेर राहणाऱ्या, गावाची सेवा करणाऱ्या माणसाला का मिळू नये? याचे उत्तर सरळ आहे. फिरंग्याजवळ तोफा होत्या. ज्याच्याजवळ तोफ असते त्याच्याशी दाखविलेला उदारपणा कागदावर उतरतो आणि त्याखाली दोन्ही बाजूंची सही पडते. ज्याच्या हाती काहीच नसते त्याला मात्र सहीऐवजी उपदेश मिळतो.

हा उपदेश आज कोणत्या रूपाने आपल्या दारी येतो ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

काही काळापूर्वी ओझरला आमच्या एका आप्तांच्या घरी आम्ही मुक्कामाला होतो. या कुटुंबाला धम्मदीक्षा घेऊन दोनच वर्षे झाली होती. ओट्याजवळच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या शेजारी बुद्धमूर्तीचे चित्र, दोन्ही अजून नवी कोरी दिसत होती. या कुटुंबाची थोडी जमीन कुकडीच्याच खोऱ्यातील दुसऱ्या एका गावी आहे. त्या गावाचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. शेताकडे जाणारी जुनी वहिवाटीची वाट तेथील काही जणांनी काटे टाकून बंद केली. घरचा मुलगा जाब विचारण्यास गेला तेव्हा त्याला चावडीसमोर जातीवरून शिवीगाळ झाली आणि मारहाण झाली. त्याने पोलिसांत फिर्याद दिली. पुढे काय घडते ते आपणांस सांगावयास नको. आठ दिवसांत तडजोडीचे निरोप सुरू झाले.

यावेळी निरोप घेऊन आला तो मात्र परका नव्हता. घरच्या माउलीचे माहेर नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घराणे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरास ठाणे मांडले तेव्हापासून त्या जिल्ह्यातील हजारो महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांपैकी हे एक. तिचा थोरला भाऊ निवृत्त शिक्षक. वसतिगृहातील पोरांना स्वतःच्या पगारातून पुस्तके घेऊन देणारा, मनाने निर्मळ माणूस. त्या गावच्या पुढाऱ्यांनी नेमके त्यालाच गाठले होते. जेवणे झाल्यावर तो बहिणीला म्हणाला, "अगं, प्रभूने शत्रूवर प्रीती करा म्हणून सांगितलंय. पोराला समजाव. केस काढून घ्या. माफ केलंत तर तुमचं मन हलकं होईल."

माउली थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, मी त्यांना शाप नाही दिला कधी. पण वाट कुठंय?"

वाचकहो, आमच्या मते संपूर्ण प्रश्न त्या दोन वाक्यांत येऊन गेला आहे. तथापि त्या निर्मळ मनाच्या शिक्षकाने जो आधार सांगितला तो तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण तो आधार केवळ ख्रिस्ती बंधूच सांगतात असे नाही. ज्यांनी बायबल कधी उघडले नाही असे गावपुढारीसुद्धा आपल्यापुढे येताना एकाएकी ख्रिस्ताचे आणि गांधीजींचे शिष्य होतात. एरवी बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी सख्ख्या भावावर दावा लावणारा माणूस आपल्याला म्हणतो की कोर्टकचेरीत काय ठेवले आहे!

येशू ख्रिस्ताने शत्रूवर प्रीती करण्यास सांगितले हे खरे आहे. एका गालावर मारले असता दुसरा गाल पुढे करण्यास सांगितले हेही खरे आहे. पण ज्या ग्रंथात हे सांगितले आहे त्याच ग्रंथात पुढे काय घडले ते ख्रिस्ती उपदेशक आपल्याला क्वचितच सांगतात. मुख्य याजकापुढे चौकशी चालू असता एका शिपायाने येशूला चपराक मारली. त्या वेळी येशूने दुसरा गाल पुढे केला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारलेस, असा जाब त्याने भर चौकशीत विचारला. त्याने मारणाऱ्याचा द्वेष केला नाही, त्याच्यावर हातही उगारला नाही. परंतु प्रश्न सोडला नाही. जाब मागणे हे प्रीतीच्या विरुद्ध असते तर येशूने तो मागितलाच नसता.

पौलाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. फिलिप्पै या नगरीत पौल आणि सीला यांना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप निरोप पाठविला की यांना सोडून द्या, जाऊ द्यात. पौलाने जाण्याचे नाकारले. आम्ही रोमचे नागरिक आहोत, आम्हांला चव्हाट्यावर मारले आणि आता चोरून घालवून देता काय, त्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे, असे त्याने बजावले. आणि ते अधिकारी आले. ज्या ओझरच्या घरात मुलाला फिर्याद मागे घेण्यास सांगितले जात होते त्या घरात पौल बसला असता तर त्याने कोणत्या बाजूने बोलले असते, हे आपणच ठरवा. अपमान चावडीसमोर झाला असेल तर भरपाईही चावडीसमोर झाली पाहिजे, हा पौलाचा न्याय आहे.

आणि जक्कय? तो जकातदारांचा मुखिया होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवावयास गेला म्हणून लोक कुरकुरले. येशूने त्याला प्रेम दिले यात संशय नाही. पण त्या प्रेमाचे फळ काय झाले? जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसविले असेल त्याला चौपट परत करण्याचे जाहीर केले. तारण त्या घरी आले असे येशू म्हणाला ते यानंतर, आधी नव्हे. आमच्या खेड्यापाड्यांतील जक्कय मात्र चौपट सोडा, घेतलेली वाटसुद्धा परत न करता तारण मागतो, आणि वर आपल्याच माणसाकडून निरोप पाठवितो.

तेव्हा ख्रिस्ती धर्मात प्रेम आणि न्याय यांची सांगड नाही असा आमचा आरोप नाही. ती सांगड आहे. आरोप असा आहे की आपल्या देशात दुबळ्यापुढे तो धर्म मांडताना प्रेमाचे पान उघडे ठेवले जाते आणि न्यायाचे पान मिटले जाते. बाबासाहेबांनी हे ख्रिस्ती बंधूंना तोंडावर सांगितले होते. १९३८ च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपणास आकर्षित केले असल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. परंतु शिक्षणात पुढे गेलेला हा समाज अन्यायाविरुद्ध चळवळ करीत नाही, याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. पुढे लिहिलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनी कारणही दिले आहे. मिशनऱ्याने अस्पृश्याला शिकविले की तुझी अधोगती तुझ्या पापामुळे आहे. ती तुझ्याभोवतीच्या अन्यायी समाजरचनेमुळे आहे, हे त्याला कोणी शिकविले नाही. जो स्वतःलाच पापी समजतो तो दुसऱ्याकडे जाब कसा मागणार?

ख्रिस्ती जगातही ज्यांनी ही सांगड प्रामाणिकपणे पेलली त्यांना स्वधर्मीयांशीच झगडावे लागले आहे. १९६३ साली अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी जे प्रसिद्ध पत्र लिहिले ते शत्रूंना उद्देशून नव्हते. धीर धरा, मोर्चे थांबवा, असे सांगणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यानंतर आर्चबिशप टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग बसला. सत्य सांगेल त्याला माफी, असा त्याचा नियम होता. १९७७ साली पोलिसांच्या कोठडीत मारला गेलेला स्टीव्ह बिको याच्या कुटुंबाने या माफीच्या कायद्यालाच घटना न्यायालयात आव्हान दिले. १९९६ साली ते हरले. परंतु बिकोच्या मरणास जबाबदार असलेल्या पोलिसांनी माफी मागताना खरे सांगितले नाही म्हणून १९९९ साली आयोगाने त्यांना माफी नाकारली. ज्या आयोगाचे जगभर क्षमेसाठी गोडवे गाईले जातात त्यानेही सत्यावाचून क्षमा दिलेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशातील एक उदाहरण तर सर्वांना परिचित आहे. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात, केओंझार जिल्ह्यातील मनोहरपूर या गावी ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, मोटारीत झोपलेली असता जाळून मारली गेली. स्टेन्स हे बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना आपण क्षमा केली असे सांगितले. सारा देश त्या वाक्यापुढे नम्र झाला आणि २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग पुष्कळांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. आपली क्षमा ही आपली आहे, कायद्याचे काम कायद्याने करावयाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. खटला चालला. मुख्य आरोपीला २००३ साली फाशी झाली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्या निकालात न्यायालयाने असे शब्द लिहिले होते की स्टेन्स यांच्या धार्मिक कार्याबद्दल त्यांना धडा शिकविण्याचा हेतू होता. देशभर आक्षेप उठल्यावर चारच दिवसांनी न्यायालयाने ते शब्द स्वतःहून काढून टाकले. विधवेने क्षमा केली म्हणून निकालपत्रातील अन्याय्य शब्द खपवून घेतला पाहिजे असे कोणी म्हटले नाही, आणि तेच योग्य झाले.

आता आपल्या घरी येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भय्यालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुले एका संध्याकाळी मारली गेली. हे बौद्ध कुटुंब होते आणि तंटा शेतजमिनीचा होता. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कोणालाही दोषी धरले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. चार माणसे मारली गेली ती जातीमुळे, एवढे एक वाक्य न्यायालयाने लिहावे यासाठी भोतमांगे दारोदार फिरले आणि २०१७ च्या जानेवारीत ते वाक्य न ऐकताच वारले. त्यांना कोणी क्षमेचा उपदेश केला असेल तर आम्ही त्या उपदेशकाला विचारू इच्छितो: गुन्ह्याचे नावच जेथे मान्य केलेले नाही तेथे क्षमा कशाची करावयाची? ऋण कबूल न करणाऱ्याला ऋणमुक्त कसे करणार?

कोणी म्हणेल, हे ठीक. पण आपण बौद्ध आहोत, आणि वैराने वैर शमत नाही असे आपल्या भगवंतांनीच शिकविले आहे. होय, शिकविले आहे, आणि ते आपल्याला अक्षरशः मान्य आहे. परंतु वैर आणि दावा या दोन वस्तू एक नाहीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग दिला आहे. आपण अहिंसा शिकविता, मग अपराध्याला शिक्षाच करू नये काय, असे त्याने भगवंतांना विचारले. भगवंतांचे उत्तर असे की अपराध्याला शिक्षा झालीच पाहिजे. ती त्याच्या स्वतःच्या कृत्याचे फळ होय. मात्र शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाच्या मनात द्वेष असता कामा नये. अंगुलिमालाला भगवंतांनी संघात घेतले, हे आपण मुलांना सांगतो. तो भिक्षू झाल्यानंतर भिक्षेस गेला असता लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले आणि ते आपल्याच कर्माचे फळ म्हणून मुकाट्याने सोसण्यास भगवंतांनी त्याला सांगितले, हेही सांगत जावे. भगवंतांनी क्षमेचा भार मारणाऱ्यावर घातला, मार खाणाऱ्यावर नव्हे.

याचा प्रत्यक्ष धडा बाबासाहेबांनी महाडला दिला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेस आलेल्या आपल्या माणसांवर गावात हल्ला झाला. जखमींना पाहून शेकडो तरुण प्रतिहल्ल्यास सिद्ध झाले होते. त्यांच्यात सैन्यातून परत आलेलेही होते. मनात आणले असते तर महाडचे काय झाले असते कोण जाणे. बाबासाहेबांनी त्यांना रोखले. हातावर हात धरून घरी पाठविले असे मात्र नाही. फिर्याद झाली आणि पाच जणांना चार चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला तेव्हा सत्याग्रह स्थगित केला, पण दावा दहा वर्षे लढविला. १९३७ च्या मार्च महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील आपला हक्क मान्य केला. या दहा वर्षांत हात एकदाही उचलला नाही आणि हक्क एकदाही सोडला नाही. शत्रूवर प्रेम करणे याचा याहून निराळा अर्थ असेल तर तो आम्हांस कोणी समजावून द्यावा.

१९३२ च्या नोव्हेंबरात बोटीवरून इंग्लंडला जाताना बाबासाहेबांनी ठक्करबाप्पांना एक पत्र लिहिले होते. गांधीजींच्या अस्पृश्यता निवारण संघाने स्पृश्यांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत न बसता अस्पृश्यांच्या नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढावी, असे त्यात सुचविले होते. त्याच पत्रात, स्पृश्य आणि अस्पृश्य यांना केवळ कायदा एकत्र बांधू शकणार नाही, प्रेमच बांधू शकेल, असे बाबासाहेबांनी मान्य केले आहे. पण लगेच पुढे त्यांनी म्हटले आहे की कुटुंबाबाहेर प्रेमाची शक्यता न्यायच निर्माण करतो. घरात आई मुलाला आधी न्याय मग प्रेम असे करीत नाही. तेथे प्रेम आधी येते. गावाच्या चावडीवर क्रम उलटा आहे. हे न समजल्यामुळेच ओझरच्या त्या शिक्षकाने घरातला नियम चावडीवर लागू करण्याचा प्रयत्न केला.

कायद्याची गोष्टही थोडक्यात सांगून ठेवतो, कारण नवदीक्षित कुटुंबांना ती कोणी समजावून देत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा हा राज्याचा खटला असतो. गावकीच्या बैठकीत तो मिटविता येत नाही. क्वचित प्रसंगी वरिष्ठ न्यायालय तो रद्द करू शकते, पण त्यात दडपण नाही अशी खात्री करून घ्यावी लागते. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी अधिकाऱ्याने करता येत नाही. तेव्हा तडजोड म्हणजे व्यवहारात एकच गोष्ट: आपल्या साक्षीदाराने न्यायालयात उभे राहून घडलेले घडले नाही असे सांगावे. म्हणजे पंचशीलातील चौथे शील मोडावे! मुसावादापासून विरत राहण्याची शपथ रोज घ्यावयाची आणि चावडीच्या शांततेसाठी शपथेवर खोटे बोलावयाचे, हे बौद्धाला शोभत नाही. आणि खोटी साक्ष देऊ नको ही ख्रिस्ती धर्माचीही आज्ञा आहे, हे त्या शिक्षकाला आम्ही सांगितले तेव्हा तो विचारात पडला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा सैल केला तो निकाल २० मार्चचा, चवदार तळ्याच्या दिवसाचा, हा योगायोग आपण विसरू नये. लोक रस्त्यावर उतरले, त्याच वर्षी संसदेने कायदा पूर्ववत केला, २०१९ साली न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले आणि २०२० साली दुरुस्ती वैध ठरविली. प्रेमाने गप्प बसलो असतो तर यातले काहीही झाले नसते.

येथे ख्रिस्ती बंधूंच्या वतीनेही दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंना ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली आपल्याला, बौद्धांना, तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला त्यातून वगळले. मद्रासच्या रस्त्यावर जोडे शिवणाऱ्या सूसै नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी योजनेतील टपरी नाकारली गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ साली हरला. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली, २०२२ साली केंद्र सरकारने आणखी एक आयोग नेमला. ज्या शिक्षकाने आमच्या मुलाला फिर्याद मागे घेण्यास सांगितले, त्याच्या स्वतःच्या मुलाला चावडीसमोर मारले असते तर हा कायदा हाती घेताना त्याच्यापुढे हीच भिंत उभी राहिली असती. जो अन्याय त्याच्यावर कागदोपत्री झाला आहे तो त्याने प्रेमाच्या नावाखाली सोसला, इतका की तो अन्याय आहे हे त्याला जाणवेनासे झाले. आपण त्याच्यावर हसू नये. उलट त्याच्या मागणीला आपण पाठिंबा दिला पाहिजे, आपल्या वाट्यातले कमी होईल या भीतीने कुजबुजत बसू नये. आपल्यातील काही पुढारी तसे करतात, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

ओझरहून फार दूर नाही असे लेण्याद्रीचे डोंगर. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत आणि त्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे परदेशी लोकांचीही नावे कोरलेली आहेत. लेण्याद्रीच्या एका मोठ्या विहारात आज गिरिजात्मज गणपती बसलेला आहे. आपण तेथे जाऊन मूर्तीला हात लावत नाही, भाविकाशी भांडत नाही. पण तो विहार आहे, भिक्षूंच्या कोठड्या त्याच्या भिंतीत अजून आहेत, हे आपल्या मुलांना तेथे उभे राहून मोठ्याने सांगतो. हे सांगितल्याने ज्याला राग येतो त्याच्यावरही आपला राग नाही.

त्या रात्री ओझरला पुष्कळ वेळ बोलणे झाले. शेवटी माउली आपल्या भावाला म्हणाली, "दादा, तू त्यांचा निरोप आणलास, आता माझा घेऊन जा. काटे काढा म्हणावं. जिथं शिव्या दिल्या तिथंच, चावडीपुढं, चुकलो म्हणा. मग मी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला नाही गेले तरी दुखल्याखुपल्याला नक्की जाईन. पण पोरगा कोर्टात जे झालं तेच सांगणार." भाऊ काही बोलला नाही. सकाळची पहिली एस. टी. धरून तो त्या गावी गेला.

काटे निघाले, ते मात्र तलाठ्याच्या पंचनाम्यानंतर. चावडीपुढे अजून कोणी काही बोललेले नाही. मुलाच्या साक्षीची तारीख लागली तेव्हा त्याचे मामा आदल्या दिवशीच ओझरला येऊन राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यातील बाकावर, कापडी पिशवीत बायबल घेऊन, पुकारा होईपर्यंत ते भाच्याशेजारी बसून होते.